‘ओन्ली’ सरकलं की लाडू कुणाचा?

ही दोन इंग्रजी वाक्यं जरा मोठ्यानं वाचा बरं.

हॅपिली, द टीचर डिड नॉट कम.

द टीचर डिड नॉट कम हॅपिली.

दोन्ही वाक्यांत शब्द सहाच, आणि तेच सहा. फक्त ‘हॅपिली’ पहिल्या वाक्यात दारातच उभं आहे आणि दुसऱ्यात पार शेवटी गेलंय. पण तेवढ्यानं केवढी उलथापालथ झाली! पहिल्या वाक्यात सर आलेलेच नाहीत आणि बोलणाऱ्याला त्याचा आनंद झालाय: बरं झालं, सर आले नाहीत. दुसऱ्या वाक्यात सर आलेत, पण खुशीनं नाही, कपाळाला आठ्या घालून. पहिलं वाक्य ऐकलं तर तुम्ही मैदानाकडे धूम ठोकाल. दुसरं ऐकलं तर गृहपाठाची वही शोधायला लागाल.

‘हॅपिली’ हे ॲडव्हर्ब आहे, म्हणजे आपलं क्रियाविशेषण. व्याकरणाच्या तासाला त्याची ओळख फार गुळमुळीत करून देतात: क्रिया कशी, कुठे, केव्हा, किती झाली ते सांगणारा शब्द. झालं, लिहून घ्या, पाठ करा, पुढचा धडा. ही व्याख्या चूक नाही, पण तिच्यात गंमत कुठेय? ॲडव्हर्बची खरी गंमत त्याच्या जागेत आहे. ते कुठे बसतं, कुणाला चिकटतं, कुठून कुठे सरकतं, हे बघायचं.

आधी या मंडळींचं घर बघू. घरात ज्या वस्तूला जागा सापडत नाही ती आपण माळ्यावर टाकतो ना? इंग्रजी व्याकरणात ॲडव्हर्ब हा तो माळा आहे. नाम नाही, क्रियापद नाही, विशेषण नाही? मग टाका माळ्यावर! म्हणून ‘स्लोली’ तिथे आहे, ‘यस्टरडे’ तिथे आहे, ‘हिअर’ आणि ‘व्हेरी’ तिथेच, ‘ट्वाइस’ही तिथेच. इतकंच काय, ‘नॉट’सुद्धा ॲडव्हर्ब आहे. आणि मोठा इंग्रजी शब्दकोश उघडून ‘येस’ शोधलंत तर बऱ्याच कोशांत त्याच्यापुढेही ॲडव्हर्ब असंच लिहिलेलं सापडेल. आता इतक्या जातीची मंडळी एका जागी कोंबल्यावर ती सगळी एकाच नियमानं वागतील अशी आशा करण्यात अर्थ नाही. तेव्हा एखादा नियम मोडलेला दिसला तर घाबरू नका.

या मंडळींपैकी पुष्कळांना ‘ली’ची शेपटी असते. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, सॅडचं सॅडली. ही शेपटी आली कुठून? हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘लीक’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ अंग, शरीर. त्याच्यापासून आधी ‘त्या रूपाचा’ असं सांगणारी शेपटी तयार झाली आणि घासून घासून तिची ‘ली’ झाली. म्हणजे ‘स्लोली’च्या पोटात कुठेतरी ‘संथ अंगानं’ दडलंय. आता इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्समध्ये किंवा आणखी खाली स्पेनमध्ये जा. स्पॅनिश मुलं सावकाश याला ‘लेन्तामेन्ते’ म्हणतात. त्यातलं ‘मेन्ते’ लॅटिनमधून आलंय आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता मन! संस्कृतातल्या ‘मति’चं ते लांबचं भावंड. इंग्रज अंगानं सावकाश चालतो आणि स्पॅनिश मनानं. आपण? आपल्याकडे दोन्ही आहे. अभ्यास मन लावून होतो आणि घरकाम अंग चोरून.

शेपटीवरून ॲडव्हर्ब ओळखायचं म्हटलं तर मात्र फसगत ठरलेली. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘अग्ली’ यांना शेपटी आहे, पण ही सगळी विशेषणं. ‘फ्रेंडली डॉग’ म्हणजे मायाळू कुत्रा; ‘डॉग’ या नामाला चिकटलेला हा शब्द क्रियेबद्दल काही बोलत नाही. (‘फॅमिली’, ‘जुलै’ आणि ‘इटली’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटीही तीच दोन अक्षरं येतात. त्यांना ॲडव्हर्ब म्हणणारा विद्यार्थी निदान निरीक्षण तरी करतो, त्याला अर्धा गुण द्यावा असं माझं मत आहे.)

उलट काहींना शेपटीच नाही. घाटातून जाताना वळणावर पाटी दिसते: गो स्लो. एखादे चोखंदळ काका लगेच म्हणतात, “चूक! गो स्लोली हवं.” काकांना सांगा, चूक नाही. ‘स्लो’ हा शब्द क्रियाविशेषण म्हणून इंग्रजीत शतकानुशतकं वापरात आहे. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ यांचंही तसंच. जुन्या इंग्रजीत ‘ली’शिवाय आणखी एक छोटी शेपटी होती, नुसत्या ‘ए’ अक्षराची. ‘हार्ड’ आणि ‘फास्ट’ यांना तीच लागायची. पुढे बोलण्यात ती गळून पडली. शेपटी गेली, काम तेच राहिलं. म्हणून मुंबईतली ‘फास्ट लोकल’ म्हणताना ‘फास्ट’ हे विशेषण आणि ‘द ट्रेन रन्स फास्ट’ म्हणताना तेच क्रियाविशेषण. १९९७ साली ॲपल कंपनीनं ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात केली, तेव्हाही ‘डिफरंटली’ हवं होतं की नको, यावर लोक तावातावानं भांडले होते. पाटी आणि जाहिरात यांना थोडक्यात बोलायला आवडतं, एवढंच मी म्हणेन. पेपरात मात्र ‘डिफरंटली’च लिहा.

आणि ‘हार्ड’ला हौसेनं शेपटी लावायला जाऊ नका. ‘राजू वर्क्स हार्ड’ म्हणजे राजू कष्ट करतो. ‘राजू हार्डली वर्क्स’ म्हणजे राजू कामाला क्वचितच हात लावतो. प्रगतिपुस्तकावर बाईंनी दुसरं लिहिलं आणि राजूनं घरी पहिलं वाचून दाखवलं, तर पेढे वाटले जातील! ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ, ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ.

आता लाडूकडे येऊ. वाक्य साधं आहे: आय गेव्ह मिनी अ लाडू. मी मिनीला लाडू दिला. यात ‘ओन्ली’ हा एक शब्द सोडायचा आणि तो कुठे कुठे बसतो ते बघायचं.

ओन्ली आय गेव्ह मिनी अ लाडू. लाडू मीच दिला. बाकीच्यांनी हात वर केले.

आय ओन्ली गेव्ह मिनी अ लाडू. मी नुसता लाडू दिला, आणखी काही केलं नाही. मिनी आता रडत असेल तर तिच्या वेण्या मी ओढलेल्या नाहीत, असं सांगायचं असेल तेव्हा हे वाक्य कामी येतं.

आय गेव्ह ओन्ली मिनी अ लाडू. मिनीलाच दिला. चिंटू, तू हात पुढे करू नकोस.

आय गेव्ह मिनी ओन्ली अ लाडू. लाडूच दिला. चिवडा, चकली, करंजी डब्यात तशीच आहे.

‘ओन्ली’ ज्याच्या आधी जाऊन उभं राहतं त्याच्यावर सगळा उजेड पडतो. आणि गंमत बघा, यातलं बहुतेक सांगायला मराठीला एका अक्षराचा ‘च’ पुरला. मीच, मिनीलाच, लाडूच. इंग्रजीत ‘ओन्ली’ शब्दाच्या आधी उभं राहतं, आपला ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो. म्हणून तर आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना ‘आय ॲम हिअर ओन्ली’ असं म्हणून जातो. ‘मी इथेच आहे’ मधला ‘च’ आपण ‘ओन्ली’चा वेष चढवून शेवटी आणून बसवतो. मुंबई-पुण्यात ते सगळ्यांना कळतं, लंडनच्या माणसाला मात्र क्षणभर प्रश्न पडतो.

एक वाक्य राहिलं. आय गेव्ह मिनी द ओन्ली लाडू. डब्यात एकुलता एक लाडू उरला होता, तोही दिला. इथे ‘ओन्ली’नं पक्ष बदललाय. ते लाडवाचं विशेषण झालंय. मिनी नशीबवान.

खरं सांगायचं तर इंग्रज लोक रोजच्या बोलण्यात इतकं मोजूनमापून ‘ओन्ली’ ठेवत नाहीत. ते त्याला बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी टाकून देतात आणि ज्या शब्दावर भर द्यायचा तो आवाज चढवून म्हणतात. कागदावर आवाज चढवता येत नाही, म्हणून लिहिताना जागा सांभाळायची.

आता यापेक्षा मोठी भानगड: एका वाक्यात दोन-तीन ॲडव्हर्बं आली तर कोण कुठे बसणार? मराठीत आपण म्हणतो: सई काल मैदानावर सुसाट धावली. इंग्रजीत म्हणतात: सई रॅन फास्ट ऑन द ग्राउंड यस्टरडे. आपल्याकडे आधी केव्हा, मग कुठे, मग कसं. इंग्रजीत आधी कसं, मग कुठे, मग केव्हा. नेमकं उलटं! पुस्तकात हा नियम पाठ करायला सांगतात. मी सांगतो, पाठ करू नका, फक्त क्रियापदावर बोट ठेवा.

मराठीत बोट ठेवा ‘धावली’वर. त्याच्या शेजारी कोण? सुसाट. त्याच्या पलीकडे? मैदानावर. आणखी लांब? काल. आता इंग्रजीत बोट ठेवा ‘रॅन’वर. त्याच्या शेजारी फास्ट, मग ऑन द ग्राउंड, आणि सगळ्यात लांब यस्टरडे. दिसलं का? दोन्ही भाषांत क्रियापदापासूनचं अंतर तेच आहे! ‘कसं’ सगळ्यात जवळचं, ‘कुठे’ मधलं, ‘केव्हा’ लांबचं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला लागून येतं, म्हणून सगळी रांग उलटी दिसते. रांगेतलं नातं मात्र बदललेलं नाही. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना हे कुणी बसून शिकवलेलं नाही, तरी दोघींनी ‘कसं’ला क्रियापदाच्या मांडीवर बसवलंय. मला तरी हे फार भारी वाटतं.

फक्त एक पथ्य पाळायचं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये, ‘ओन्ली’सारखा अपवाद सोडला तर, कुणी घुसायचं नाही. ‘मला आंबा खूप आवडतो’ याचं ‘आय लाइक व्हेरी मच मँगोज’ होत नाही. ‘आय लाइक मँगोज व्हेरी मच’ असं होतं. आणि ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही किती वेळा ते सांगणारी मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असेल तर त्याच्या नंतर. राजू ऑलवेज कम्स लेट, पण राजू इज ऑलवेज लेट. राजूचं काही खरं नाही.

बरं, आपल्या क्रियाविशेषणांचं शाळेतलं पूर्ण नाव काय? क्रियाविशेषण अव्यय. अव्यय म्हणजे न बदलणारं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिलं ते १८३६ साली. म्हणजे त्या पुस्तकाला जवळजवळ दोनशे वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत कितीतरी मुलांनी ‘अव्यय म्हणजे न बदलणारं’ हे घोकलं असेल. तर मग हे ऐका: घोडा चांगला पळतो. घोडी चांगली पळते. शिंगरू चांगलं पळतं. ‘चांगला’ इथे घोड्याचा स्वभाव सांगत नाही, पळणं कसं आहे ते सांगतो. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, आणि तरी तो घोड्याबरोबर, घोडीबरोबर, शिंगराबरोबर रूप बदलतोय! इंग्रजीत तिघांनाही एकच: रन्स वेल. या बाबतीत इंग्रजी सोपी आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

पण एका बाबतीत मराठीचा हात कुणी धरू नये. आपल्या ‘कन’वाल्या शब्दांकडे बघा. झाडावरून आंबा टपकन पडतो. आजोबा आरामखुर्चीत धपकन बसतात. दार धाडकन आपटतं. ससा टुणकन उडी मारतो, बेडूक माशी गपकन गिळतो, छोटी खुदकन हसते. नुसत्या आवाजावरून वस्तू केवढी, वजन किती, वेग किती, सगळं कळतं. ‘आजोबा टपकन बसले’ म्हणून बघा, हसू येईल. शिवाय जोडीनं येणारे आहेतच: लुटूलुटू, तुरुतुरु, गटागटा, बकाबका, टकामका.

इंग्रजीत याला काय म्हणतात म्हणून शब्दकोशात ॲडव्हर्ब शोधत बसलात तर हाती फारसं लागत नाही. मग इंग्रजी पोरांना असलं काही म्हणायचंच नसतं का? असतं की! पण इंग्रजीनं हा माल क्रियापदाच्या पोटात लपवलाय. आपण ‘चालणं’ एकच ठेवतो आणि कसं चालला ते वेगळं सांगतो. इंग्रजी प्रत्येक चालीला नवं क्रियापद काढते. बाळ लुटूलुटू चालतं: टॉडल. उंदीर तुरुतुरु पळतो: स्कर्री. दादा नवे बूट घालून ऐटीत चालतो: स्वॅगर. रात्री लाडवाच्या डब्याकडे चवड्यांवर जायचं: टिपटो. दमून पाय ओढत घरी यायचं: ट्रज. रमतगमत फिरायचं: स्ट्रोल. पिण्याचंही तसंच. पाणी गटागटा प्यायलं तर गल्प, चहा घोट घोट घेतला तर सिप, आणि बशीतून फुर्र फुर्र करत ओढला तर स्लर्प. बघण्याचं घ्या: टक लावून बघणं स्टेअर, रागानं बघणं ग्लेअर, ओझरतं बघणं ग्लान्स.

भाषांतर करताना ही किल्ली फार उपयोगी पडते. ‘तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं’ याचं इंग्रजी करायचंय. ‘टचकन’ला शब्द शोधत डोकं खाजवू नका. ‘टिअर्स स्प्रँग टु हर आइज’ असं म्हणा. ‘स्प्रिंग’ म्हणजे उसळणं. ‘टचकन’ त्या क्रियापदात जाऊन बसलं. इंग्रजी लेखनाचे शिक्षक ‘ॲडव्हर्बं कमी वापरा’ असं सांगतात ते यामुळेच. ‘वॉक्ड स्लोली’ लिहिण्यापेक्षा ‘स्ट्रोल्ड’ की ‘ट्रज्ड’ ते ठरवा, म्हणजे तो माणूस मजेत होता की दमलेला, हेही एका शब्दात कळेल. पण हा उपदेश मराठीत निबंध लिहिताना पाळू नका हं! मराठीतून ‘लुटूलुटू’ आणि ‘टुणकन’ काढून टाकले तर बाळ नुसतं चालेल आणि ससा नुसती उडी मारेल.

ॲडव्हर्बांची हौस अंगाशी कशी येते त्याचा एक खरा किस्सा अमेरिकेतला. १९१० पासून तिथे ‘टॉम स्विफ्ट’ नावाच्या मुलाच्या साहसकथांची पुस्तकं निघायला लागली. टॉम नाना यंत्रं बनवायचा. (विजेचा धक्का देणाऱ्या ‘टेझर’ यंत्राचं नाव याच टॉमच्या विजेच्या बंदुकीवरून ठेवलंय.) या गोष्टींत कुणी नुसतं ‘म्हणालं’ असं क्वचितच व्हायचं. प्रत्येक ‘सेड’च्या मागे एक ॲडव्हर्ब लावलेलं: कुणी घाईनं म्हणायचं, कुणी गंभीरपणे, कुणी आणखी कसं. वाचून वाचून लोकांना हसू यायला लागलं आणि त्यातून विनोदाचा एक खेळच निघाला. त्याला ‘टॉम स्विफ्टी’ म्हणतात. टॉमनं काहीतरी बोलायचं आणि शेवटच्या ॲडव्हर्बनं त्याच बोलण्यावर कोटी करायची. हे घ्या माझे दोन:

“आय हेट कारली!” टॉम सेड बिटरली.

“हू लेफ्ट द फ्रिज ओपन?” टॉम आस्क्ड कोल्डली.

‘बिटर’ म्हणजे कडू आणि ‘बिटरली’ म्हणजे कडवटपणे. ‘कोल्ड’ म्हणजे गार आणि ‘कोल्डली’ म्हणजे तुटकपणे. मराठीतही हा खेळ झकास जमतो:

“भाजीत मिरची थोडी जास्तच पडली,” आत्या तिखटपणे म्हणाली.

“इस्त्री अजून तापली नाही का?” बाबांनी गरम होऊन विचारलं.

आता तुमची पाळी. असे दोन विनोद इंग्रजीत आणि दोन मराठीत रचा, पोस्टकार्डावर लिहा आणि आमच्या पत्त्यावर पाठवा. चांगले असतील ते पुढच्या अंकात तुमच्या नावानं छापू. आणि कार्ड पोस्टात टाकण्याआधी एकदा तपासा: त्यात ‘ओन्ली’ आलं असेल तर ते बरोबर जागी बसलंय ना?